डबा कुठे उघडता?

कुकटपल्ली, हैदराबाद
शनिवार, दुपार

प्रिय केतकी,

रविवारी तू म्हणालीस, आई, राजीनामा लिहून ठेवलाय, देऊन टाकू का, घरी येऊ का. आणि मी म्हटलं, थांब, कुकर झाला. कुकर गॅसवर नव्हताच. मग संध्याकाळी मेसेज टाकला की पंधरा दिवस काही करू नकोस. तेवढं तू ऐकलंस, शहाणी ती. आता माझं उत्तर वाच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. शाळेत तेलुगू घेतलीस, घरात मराठी नुसती बोललीस, जोडाक्षर आलं की अजून अडखळतेस. अडखळ, ओठ हलवत वाच, पण स्वतः वाच. बाबांना फोन करून थोडक्यात विचारायचं नाही. ते तर केव्हाच तुला फितूर झालेत. त्याच संध्याकाळी त्यांनी तुझ्या खोलीतला पंखा पुसला, नवा बल्ब आणला आणि मला म्हणाले, पोरगी येतेय तर येऊ दे ना, हैदराबादेत काय लायब्रऱ्या कमी आहेत? मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

तू जे सांगितलंस ते मी नीट ऐकलंय. आसामातलं ते विद्यापीठ, असिस्टंट लायब्ररियनची पक्की नोकरी, कामाला नाव ठेवायला जागा नाही. माणसं वाईट नाहीत, हेही तूच म्हणालीस. फक्त तू त्यांच्यात नाहीस. ती आपसांत असमिया बोलतात, तू आलीस की सभ्यपणे इंग्रजीत गुड मॉर्निंग मॅडम म्हणतात आणि बाजूला होतात. जेवणाच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यातून हसण्याचा आवाज येतो, आणि तू केबिनचं दार लावून मोबाईल बघत जेवतेस. हे सांगून लगेच तू विषय फिरवलास, की तुम्ही दोघंच असता तिकडे, मी आले तर तुम्हालाही बरं पडेल. त्या दुसऱ्या गोष्टीकडे मी नंतर येते. पहिलीबद्दल मला बोलायचा हक्क आहे, कारण तशा लावलेल्या दारामागे मी स्वतः वीसेक वर्षं जेवलेय.

आमचं ऑफिस तू बाहेरूनच पाहिलंस. इथल्या विद्यापीठाचा परीक्षा विभाग. लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि एक खिडकी. गोपनीय काम, त्यामुळे आत कुणी यायचं नाही आणि आम्ही फारसं बाहेर जायचं नाही. अख्खं विद्यापीठ आम्हाला खिडकीतून ओळखायचं, तेही भांडायला. तू कॉलेजात होतीस तेव्हाची गोष्ट. प्रॅक्टिकलच्या गुणांत काही घोळ होता म्हणून मी जीवशास्त्राच्या नव्या इमारतीत गेले, आणि पायऱ्यांवर पाय मुरगळून मटकन बसले. माणसं धावली हं, खोटं का बोलू! कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. आणि मग एक प्राध्यापक बाई अगदी मायेनं विचारतात, आप कौनसे बच्चे की मम्मी हैं, बुलाएं क्या उसको? तोवर वॉचमन व्हिजिटरचं रजिस्टर घेऊन हजर, अम्मा, इकडे सही करा. ज्या विद्यापीठात माझे केस पांढरे झाले, तिथे मी कुणा पोराची मम्मी! घरी येऊन सांगितलं तेव्हा तू आणि बाबा पोट धरून हसलात. मीही हसले. पण मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले, ते आज सांगतेय.

दुसऱ्या दिवशी लंगडत रजिस्ट्रारसाहेबांकडे गेले. म्हटलं, सर, नव्या मुलांना कॅम्पस दाखवता, परदेशी पाहुण्यांना गाडीतून फिरवता, आम्हा स्टाफला कधी दाखवणार? ते हसून म्हणाले, तुम्ही तर इथल्याच. मी म्हटलं, तेच तर कुणाला माहीत नाही. माणूस भला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारचा एक तास दिला, आणि परिपत्रक काढलं की परीक्षा विभागाचे कर्मचारी वनस्पतिशास्त्र विभागास भेट देतील. तिथेच घात झाला. आपल्याकडे एका विभागाची माणसं दुसऱ्या विभागात जातात ती तपासणीला, नाहीतर मूल्यांकन समितीच्या मागे फाइल धरून. त्यात येणार कोण, तर परीक्षा विभाग! वनस्पतिशास्त्राची पाचावर धारण बसली.

आम्ही पोचलो तर दारात रांगोळी, वर बॅनर, प्रत्येकीच्या हातात गुलाबाचा बुके. कपाटांना नवी लेबलं. एसी हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर दाखवलं, किती शोधनिबंध, किती पेटंट. काजूची बिस्किटं दिली. आणि माळी, अटेंडंट, टायपिस्ट, म्हणजे ज्यांना भेटायला आलो ती सगळी माणसं अर्ध्या दिवसाच्या रजेवर पाठवलेली, समितीपुढे गबाळं दिसू नये म्हणून. निघताना विभागप्रमुख हळूच कानाशी येतात, मॅडम, रिपोर्ट कब भेजते आप? मी म्हटलं, रिपोर्ट कायकू सर, हम लोगां तो मिलने आये थे. त्यांना ते काही पटलं नाही. सोमवारी त्यांचा लेखी खुलासा माझ्या टेबलावर, न मागता! मी तो वाचून कपाळावर हात मारला.

पण चिडले की माझं डोकं चालतं, हे तू जाणतेस. विचार केला, समिती येणार म्हटलं की लोक एकतर झाकतात नाहीतर सजवतात. दोन्हीतून सुटते अशी जागा कुठली? जिथे आपण रोज डबा खातो ती. ती कुणाला दाखवायची असते हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. झालं, मी नियम करून टाकला. बॅनर नाही, भाषण नाही, साहेबांनी पुढे चालायचं नाही. पाहुण्यांनी आपापला डबा घेऊन जायचं, आणि यजमानांनी त्यांना फिरवत फिरवत शेवटी आपली डबा उघडायची जागा दाखवायची, आणि तिथेच सगळ्यांनी जेवायचं. रजिस्ट्रारसाहेब म्हणाले, बाई, ही टूर नाही, ही पिकनिक झाली. म्हटलं, हौ सर, वैसाच समझो.

पहिल्या खेपेला चार टाळकी आली. दुसऱ्या खेपेलाही चारच, आणि त्यातला एक चुकून आला होता. मागे आम्हाला डब्बा युनिव्हर्सिटी म्हणायचे, मला सगळं कळत होतं. म्हणा म्हटलं, हत्ती चालतो आपल्या चालीनं. मी महिना चुकवला नाही. ट्रान्सपोर्टचा यादगिरी ड्रायव्हर आम्हाला बंद पडलेल्या एका बसमध्ये घेऊन गेला. मागच्या लांब सीटवर त्यांनी चक्क पडदे लावलेत, माठ ठेवलाय, आणि आम्हाला चढताना हात दिला तो घरात घेतात तसा. हॉस्टेल ऑफिसच्या रिझवाना आपांनी धान्याच्या कोठीत चटई घातली. माझं थालीपीठ हातात उलटंसुलटं करून म्हणाल्या, अपर्णा, ये रोटी को चेचक निकली क्या? आणि मग ती देवी आलेली थालीपीठं तीन खाल्ली. त्यांची खट्टी दाल मी डब्यातून घरी आणली होती, तू वाटी चाटलीस ती हीच. पुढच्या खेपांना यादगिरी आणि आपाही डबा घेऊन आमच्याबरोबर यायला लागले.

आणि पुष्कर. तो कॉम्प्युटर सेंटरमधला, पुण्याचा मुलगा, कुठल्याशा मोठ्या कंपनीतून इकडे आलेला. पुण्याचा असून बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, असं मी आल्याआल्याच ओळखलं होतं. त्यांच्या सेंटरची पाळी आली त्या शनिवारी बाकीचे काहीबाही निमित्त काढून पळाले आणि आम्हाला फिरवायला उरला एकटा पुष्कर. मशीन दाखवल्या, वायरी दाखवल्या, आणि मग आम्ही डबे घेऊन त्याच्यामागे. तो इमारतीच्या बाहेर पडला, थेट पार्किंगमध्ये गेला, आपल्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, इथे. एसी लावतो, गाणी लावतो, दहा मिनिटांत उरकतं. मान वर केली नाही त्यानं.   रिझवाना आपाच पुढे झाल्या, आपला डबा बॉनेटवर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, जगा अच्छी है बेटा, छाँव भी है, बस दस्तरखान जरा गरम है. आम्ही सगळे त्या तापलेल्या बॉनेटभोवती उभे राहून जेवलो. पुष्करच्या डब्यात ब्रेड आणि जॅम. एवढा मोठा घोडा आणि ब्रेड-जॅम! यादगिरीनं त्याला आपला अंबाडीचा गोंगुरा-भात अर्धा वाढला, तिखटानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिखटाचं निमित्त करून तो बराच वेळ डोळे पुसत राहिला. आम्ही कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. आता आम्ही जाळीच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये एक टेबल टाकलंय, आमच्या कंट्रोलरसाहेबांशी भांडून. पुष्कर तिथे रोज येतो आणि माझ्या भेंडीला नावं ठेवतो.

आता तुझी दुसरी गोष्ट, तुम्ही दोघंच असता ती. केतू, गेल्या भाद्रपदात बाबांना डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स भराभर उतरल्या, सिकंदराबादच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तुला नवीन नोकरी लागून जेमतेम दोन महिने झाले होते, म्हणून आम्ही सांगितलं नाही. आरडाओरडा करायचा तो नंतर कर. त्या दिवसांत दवाखान्यात आम्हाला यादगिरीनं नेलं. प्लेटलेट्स पुष्करनं दिल्या. रिझवाना आपांनी माझ्यापुढे ताट धरून, खाती की नै, असा दम भरून मला जेवायला लावलं. आणि ज्या बाईंनी मला कुणा पोराची मम्मी ठरवलं होतं ना, आणि पुढे ज्या शनिवारी डबा घेऊन आमच्यात यायला लागल्या, त्या परीक्षेच्या ऐन गर्दीत माझ्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि मुलांची समजूत घालत राहिल्या. तेव्हा आमच्यासाठी म्हणून येणार असशील, तर ते कारण खोडून टाक. आम्ही दोघंच नसतो इथे.

आणि हे लोक मला आयते मिळाले नाहीत. मी शनिवारमागून शनिवार त्यांच्या दारात डबा घेऊन उभी राहिले. तुझ्याशी कोणी बोललं नाही म्हणतेस. तू कुणाला विचारलंस, तुम्ही कुठे जेवता? राग आला तर येऊ दे. या पाकिटासोबत लसणीची चटणी आणि भाजणी पाठवतेय. थालीपीठं लाव, चार जास्त लाव, आणि सुट्टी झाली की त्या मागच्या व्हरांड्यात जा. मी इथे बसू का, एवढं वाक्य त्यांच्या भाषेत पाठ करून जा. चुकलीस तर हसतील. हसू देत, हसायलाच बसलेत ना तिथे! पहिल्या दिवशी काही होणार नाही. चार टाळकीसुद्धा जमणार नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी जायचं. मग एखाद्या दिवशी त्यांना तुझ्या केबिनमध्ये बोलाव, आणि त्यांना म्हण, मला तुमचं विद्यापीठ दाखवा. हे सगळं करून, मनापासून करून, वर्षभरानंतरही तुला परकंच वाटलं, तर राजीनामा दे. मी स्वतः तुला न्यायला येईन. एकदाही तिथे न बसता दिलास तर मला पटणार नाही.

हे सगळं मी फोनवर सांगू शकले नसते. रविवारी तू येऊ का म्हणालीस तेव्हा ये हा शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आला होता. ये, आत्ताच्या आत्ता ये, नोकरी गेली खड्ड्यात, असं म्हणणार होते मी. तुझा आवाज आणखी एकदा कानावर पडला तर मी तेच म्हणेन, माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही. कागदावर तू ऐकू येत नाहीस, म्हणून कागद घेतला. तू गेल्यापासून एक दिवस असा गेला नाही की घरात तू नाहीस हे मला टोचलं नाही, आणि बाबांपुढे मी ते एकदाही कबूल केलेलं नाही. तरी सांगते, केतू. येऊ नकोस.

तुझीच,
आई