पोंचोच्या कप्प्यातले दगड

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
१२ मार्च २०२५

प्रिय जेपी,

नमस्कार. आम्ही मजेत. कुठेही जा, सायकलला वारा समोरूनच, एवढीच तक्रार. रविवारी शैलाला गुलाबासाठी खड्डा खणून दिला. समुद्रापेक्षा चार मीटर खालची ही माती; हातभर खणूनही खडा निघाला नाही. इथे दगड दुकानातून विकत आणतात. माझ्यासारख्या दगडवेड्याने या गावात घर घ्यायलाच नको होतं.

काल चित्रावहिनींचा फोन आला. तू ट्रेकिंगचे बूट जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन आलास म्हणे, वय झालं म्हणून. पंचावन्नाव्या वर्षी? मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू येईना.

तुला दोनदा फोनवर सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा हवामानावर बोलून थांबलो. म्हणून आता लिहितो.

गेल्या ऑगस्टमध्ये लडाखला, खिंड चढायच्या आदल्या संध्याकाळी, मला ओढ्याकाठी हिरवे-जांभळे दगड सापडले. शैलाची अट तुला माहीत आहे : एका सहलीला एक दगड. माझी सॅकही तीच भरायची. तुझ्या सॅकला खाली पोंचोचा, म्हणजे पावसाळी अंगरख्याचा, कप्पा होता. लडाखात पाऊस नाही, तेव्हा तू तो उघडणार नाहीस, असा हिशेब करून मी सगळे दगड मोज्यांत गुंडाळून तिथे कोंबले.

सकाळी तू म्हणालास, "आज सॅक जड वाटतेय." मी म्हणालो, "हवा विरळ आहे."

खिंडीच्या दोनशे मीटर खाली तू बसलास. सॅक खेचरावर टाक म्हटलं, तर म्हणालास, "स्वतःची सॅक उचलवत नसेल तर माणसाने डोंगरात येऊ नये." आणि ती पाठीवर घेऊनच तिथून माघारी उतरलास. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शैला शेजारी उभी होती.

लेहला तू झोपल्यावर दगड काढले आणि गेस्टहाउसच्या भाजीच्या काट्यावर तोलले. साडेपाच किलो. पाच हजार मीटरवर, जेपी.

काल शैलाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी त्यांना लिहा. मग माझ्याशी बोला."

२२ तारखेला, शनिवारी सकाळी दहाला मी आर्नहेम स्टेशनवर येतो. तुमच्याकडच्या टेकड्या चढू. आणि ऑगस्टमध्ये त्याच खिंडीत जाऊ. तुझा होकार आल्याशिवाय तिकिटं काढणार नाही. शिव्या चढावर दे. तिथे मला उलट बोलायला दम नसतो.

तुझं काहीही बिघडलेलं नव्हतं, हे लिहून देणारा,
शिरीष