मामांनी कोरलेली मूठ

मँचेस्टर
२ मार्च २०२५

चि. वरदा हिस,
अ. उ. आ.

तुझा फोटो पोचला. गळ्यात मेडल आणि हातात पॉइंट टू टूचं पिस्तूल. माझ्या नवऱ्याने, उदयने, तो फ्रिजवर लावला, मी काढला, त्याने परत लावला. फोनवर आपण दोघी हमखास भांडतो म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहितेय.

मला तुझा हेवा वाटतो, सरळच सांगते. पुण्यात पद्माकरमामांच्या रेंजवर आपण मावसबहिणी एकाच पिस्तुलावर पाळीपाळीने शिकलो. माझ्या गोळ्या मधोमध जायच्या आणि तू रेंजच्या मातीत चिंचोके वेचत असायचीस. मग लग्न होऊन तू बेलफास्टला गेलीस आणि मी मँचेस्टरला आले. तिकडे उत्तर आयर्लंडमध्ये क्लबची मेंबरशिप आणि पोलिसांचं सर्टिफिकेट असलं की पिस्तूल ठेवता येतं. इकडे ते सत्त्याण्णव सालीच कायद्याने बंद झालं. म्हणून मी दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये हवेच्या पिस्तुलाने कागदाला भोकं पाडते आणि मेडलं तुला मिळतात. राजा एकच, मध्ये एवढासा समुद्र, आणि नियम मात्र दोन.

त्यात आई म्हणाली की मामा तुझ्या पिस्तुलासाठी अक्रोडाची मूठ कोरताहेत, खास तुझ्या हाताच्या मापाची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही त्यांना धड दिसत नाही, ही आपली शेवटची मूठ असं ते सगळ्यांना सांगतात म्हणे. माझ्यासाठी त्यांनी कधी एकही कोरली नाही. असो, तुझी तुला लखलाभ.

कुशलरावांना आशीर्वाद. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
आसाताई


बेलफास्ट
१३ मार्च २०२५

ती. आसाताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले, आणि लिहितेय. तू हवेचं पिस्तूल दुकानात जाऊन किटलीसारखं विकत आणलंस. इथे त्यालासुद्धा पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. माझी पिस्तुलाची तिजोरी बघायला त्यांचा माणूस आला होता. घरात भांडणं होतात का, असं त्याने कुशलला विचारलं, तर हा विचार करत बसला. माझं सर्टिफिकेट तिथेच जायचं.

आता खरी गोष्ट. मूठ आली. इतकी सुंदर आहे की आधी नुसती हातात घेऊन बसले. मग पिस्तुलाला लावली तर बोट चापापर्यंत पोचेना. अंगठ्याची खाच भलतीकडेच वळलेली. मला वाटलं, बिचाऱ्या मामांची नजर गेली. कानस घेऊन घासायलाही बसले होते. खाचेत अंगठा घातला आणि हात थांबला. ताई, लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडून तुझा अंगठा जसा बाहेर वाकलाय, तशी ती खाच आहे. मूठ तुझ्या हाताची आहे.

मी माझा पंजा कागदावर गिरवून, बोटांची मापं लिहून पाठवला होता. मामांना हळूच विचारलं, तर म्हणाले की कागद उघडलाच नाही, रेंजवरचा हात मला पाठ आहे. त्यांना पाठ होता तो तुझा. इतकी वर्षं मी शिकले, मेडलं मी आणली, आणि त्यांच्या बोटांत राहिलीस तू. आता हेवा कोणी कोणाचा करायचा, तूच सांग.

मूठ अगदी मापात बसली, असं मी त्यांना खोटंच सांगितलंय. शेवटचं काम चुकलं हे त्यांना कळलं तर ते खचतील. पण आता त्यांना मूठ धरलेल्या हाताचा जवळून काढलेला फोटो हवाय. तू इकडे ये. पाहुण्यांसाठी पोलिसांचा परवाना मिळतो, आमचा क्लब अर्ज करेल. फोटोत हात तुझा आणि नाव माझं. हे मागायला मला किती जड गेलं ते तुला सांगायला नको.

लोभ आहेच, सध्या थोडा आंबट आहे.

तुझी,
वरदा


मँचेस्टर
२२ मार्च २०२५

चि. वरदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, आणि तो चांगल्या मनाचा नव्हता. दिवसभर हॉस्पिटलमध्ये कामावर मी अंगठ्याकडे बघून हसत होते. संध्याकाळी मात्र लाज वाटली. मूठ माझ्या हाताची, पण ती लावायला पिस्तूल ठेवायची मला मुभा नाही. तुझ्याकडे पिस्तूल आहे, तर मूठ बसत नाही.

माझ्या हातावर तुझं नाव लागणार हे मला मुळीच आवडलेलं नाही. तरी येते, मामांसाठी. नुसती फोटोपुरती मात्र येणार नाही, गोळ्या झाडू देणार असशील तरच.

तुझी,
आसाताई


बेलफास्ट
१२ जून २०२५

ती. आसाताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर रिकामं वाटायला लागलं, हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल. पहिल्या गोळ्या तुझ्या कुठेही गेल्या तेव्हा मला बरं वाटलं. चाप तुला जड जात होता. मग तुझा हात त्या मुठीत बसला आणि एकेक गोळी मधोमध जायला लागली. मी मागे उभी होते. पुण्याला तुझ्या मागे उभी असताना घालायचे तशीच मान खाली घातली. खाली बघायला चिंचोके नव्हते, एवढाच फरक.

फोटो मामांना पाठवला. मामींनी टॅबवर मोठा करून दाखवला. मामांनी टॅब नाकाजवळ धरला. मग मला फोनवर म्हणाले की आसावरीला सांग, अंगठा अजून वर चढवतेस.

मी रडले. सगळं कबूल केलं. ते खचले वगैरे काही नाहीत, उलट मला ओरडले. न बसणारी मूठ बसते म्हणणारा नेमबाज त्यांनी शिकवलेला नाही म्हणे. मग आवाज उतरला. माझा तो कागद शोधून काढलाय, मामी आकडे वाचून सांगणार आहेत, आणि शेवटची मूठ अजून व्हायची आहे, असं म्हणाले.

तुझी मूठ सोबत पाठवतेय. नुसत्या लाकडाला तुमच्याकडे बंदी नाही. पुढच्या वेळी येताना घेऊन ये, पिस्तूल माझ्याकडे आहेच.

तुझी,
वरदा


मँचेस्टर
२० जून २०२५

चि. वरदा हिस,
अ. उ. आ.

मूठ पोचली. रोज स्वयंपाकघरात ती धरून हात सरळ उचलते आणि फ्रिजवरच्या फोटोतल्या तुझ्या मेडलवर नेम धरते. अंगठा आता खाली ठेवते. फोटो मी तिथून काढलेला नाही.

तुझी मूठ आली की हात जवळून दिसेल असा फोटो पाठव. मला हेवा वाटेल. तरी पाठव.

तुझी,
आसाताई