तीनची गाडी

आई, गेल्या महिनाभरात मी चार पिक्चर पाहिले. हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं, कारण आपल्या घरात पिक्चरचं वेड तुलाच होतं आणि तुझ्यामुळे मला लागलं. थेटरात नाही गेले. लेकीनं गेल्या वर्षी मोबाईल घेऊन दिलाय, त्यातच सगळं दिसतं. मी आता नगरला असते, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पहिली पाळी अडीचला सुटते. खोलीवर येऊन हातपाय धुतले की मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा, वायर उजव्या कानात घालायची आणि पार शेवटची नावं संपेपर्यंत बघत बसायचं. कुणी उठवत नाही, कुठं जायचं नसतं.

पहिला पिक्चर खेड्यातला होता. म्हणजे त्यांना वाटतं ते खेडं. त्यातली पोरगी उघड्या दंडानं उसात शिरते आणि अख्खं गाणं म्हणून बाहेर येते, अंगावर एक ओरखडा नाही. श्रीगोंद्याकडच्या आपल्या उसात तू लांब बाह्यांचा सदरा घालून शिरायचीस तरी पाचट तुझे हात सोलून काढायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हिला येक दिस आपल्या खोडव्यात सोडा, मंग बघू गानं कसं निघतंय." दुसरा भुताचा होता. सासरी छळून मारलेली सून भूत होऊन येते आणि एकेकाला धरते. लोकांना लई आवडलाय म्हणे. मला रागच आला. मेल्यावर एवढी ताकद देतात, त्यातली चिमूटभर जित्तेपणी दिली असती तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता. तिसरा शहाण्या लोकांचा. मुंबईच्या एका फ्लॅटमध्ये नवरा-बायको दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत, खिडकीतून बाहेर बघतात, बशा धुतात. न बोलणारा नवरा बघायला लोक तिकीट काढतात हे मला नवीनच. मी तो एकोणीस वर्षं फुकटात पाहिला.

चौथा जुना होता. तो मी शोधला नाही, लेकीनं पुण्याहून पाठवला. सोबत एक ओळ: "आई, तू सांगितलेला पिक्चर सापडला. शेवट बघ." बाकी कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. त्या ओळीला मी काय उत्तर द्यायचं ते मला आठ दिवस झाले सुचत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. सगळं तुझ्यापासून सुरू झालंय.

आजीला फिट यायची. तिच्या गोळ्या नगरच्या सरकारी दवाखान्यातून महिन्याला आणाव्या लागत आणि ते काम तुझ्याकडे होतं. तू आणि मळ्यातली काकू सकाळच्या गाडीनं निघायच्या. रांग संपायची साडेअकराला. आप्पांना वाटायचं, बाईमाणूस दुपारभर रांगेत ताटकळतंय. तुम्ही दोघी बाराच्या खेळाला बसलेल्या असायच्या. साडेचारला तू घरी यायचीस ती गोळ्यांची पुडी पुढं धरून, पदर डोक्यावर, चेहरा दमलेला. काय नट होतीस तू! आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला गेलं की बायका तुझ्या शेजारच्या ओळीची पात धरायला भांडायच्या. तू मधली पात धरायचीस, म्हणजे दोन्हीकडच्यांना ऐकू जाईल. मी छोटं खुरपं घेऊन तुझ्या मागं. कांद्यातलं गवत काढत काढत तू अख्खा पिक्चर सांगायचीस, सासूचा आवाज वेगळा, वकिलाचा वेगळा, घोडा आला तर घोडासुद्धा. पात बांधाला लागेपर्यंत पिक्चर बरोबर संपायचा. बायका डोळे पुसून पाणी प्यायला जायच्या.

आता आठवतं आणि हसू येतं, पण ते हसू चांगलं नाही. तुझा प्रत्येक पिक्चर एकाच जागी संपायचा, दारात. हरवलेला मुलगा परत येतो, दारात कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकतं. तुरुंगातून बाप सुटतो, भाकरतुकडा. काश्मीरच्या बर्फातल्या बंगल्यात पियानो वाजवणारी नटी, तिच्यावरूनही भाकरतुकडा आणि तांब्याभर पाणी. एकदा तर डाकू डोंगरातून खाली आला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं बंदुकीसकट त्याला ओवाळलं. आमच्यातल्या एकीलाही कधी शंका आली नाही की काश्मीरच्या बंगल्यात बाजरीची भाकर कुठून आली. लांबून आलेल्या माणसाची दृष्ट काढून मगच आत घ्यायचं, एवढं जगात सगळीकडे असणारच, असंच आम्हाला वाटायचं.

त्यातला एक पिक्चर बायका पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. मोठ्या घरची सून. नवरा मारतो, सासू घालूनपाडून बोलते. एक दिवस ती पेटी उचलते आणि स्टेशनवर येऊन बसते. गाडी येते. नवरा तिला न्यायला धावत येतो. इथं तू खुरपं थांबवायचीस. आणि मग: "ती गाडीकडं बगती, नवऱ्याकडं बगती. आन् पेटी उचलून माघारी फिरती. घरी येती तर सासू दारात. डोळ्याला पानी. भाकरतुकडा ववाळून टाकती आन् म्हनती, ये बाई, घर तुजंच हाय." बायका हुंदके द्यायच्या. मी पण द्यायचे. मी तेव्हा दहा-अकराची असेन.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या कडेवर सात महिन्यांची पोर होती आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं मारलेलं. तो कान पुढंही नीट झालाच नाही, वायर मी उजव्या कानात घालते ती त्यामुळे. तू भाकरी करत होतीस. मी उजवा कान तुझ्याकडे करून चुलीपाशी बसले आणि म्हटलं, "आई, मी हितंच राहू का?" तू वर बघितलं नाहीस. काटवटीत भाकर थापत राहिलीस, ती थापून थापून पातळ झाली, कडा फाटल्या. तशी भाकर तू कधी करत नव्हतीस. मग म्हणालीस, "त्या टेसनावरच्या बाईचं आठवतंय का तुला?" आणि अख्खा पिक्चर परत सांगितलास, मला एकटीला, हळू आवाजात. सासूचा आवाज काढला नाहीस. शेवट मात्र तोच, अक्षरही न बदलता. मी ऐकत होते आणि खरंच सांगते, मला धीर आला. वाटलं, असं होत असेल, एकदा निघून आल्यावर माणसं वरमत असतील.

दुसऱ्या दिवशी तू मला फाट्यावर सोडायला आलीस. गाडी दिसली तसा तू पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढलास, माझ्यावरून आणि पोरीवरून ओवाळलास आणि रस्त्याच्या कडेला टाकलास. मी म्हटलं, "आई, हे येताना करत्यात. जाताना न्हाई." तू म्हणालीस, "असू दे गं. कुनी तरी केलं म्हंजी झालं." मला वाटलं, तू गोंधळलीस. गाडीत बसून मी त्यावर हसलेसुद्धा.

सासरी दारात कुणी नव्हतं. आतून सासूचा आवाज आला, "आलीस का? भांडी पडल्यात." त्यानंतर मी तिथं सतरा वर्षं काढली. मधे तू गेलीस. तेराव्याला मी तुझ्यासाठी रडले की स्वतःसाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही. लेक कॉलेजला लागली तेव्हा एका सकाळी मी पिशवी घेऊन निघाले ती नगरला येऊन थांबले. माघारी बघितलं नाही, कारण तोपर्यंत मला कुठल्याच पिक्चरवर भरवसा उरला नव्हता.

तर तो पिक्चर मी गेल्या आठवड्यात पाहिला. सगळं तू सांगितलंस तसंच. तीच पेटी, तोच धावत येणारा नवरा. तो हात जोडतो. ती गाडीकडं बघते, नवऱ्याकडं बघते. आणि गाडीत चढते. आई, ती गाडीत चढते! खिडकीपाशी बसते, पेटी उघडते, फडक्यात बांधलेलं काहीतरी काढते आणि खाते. भूक लागलेल्या माणसासारखी खाते. गाडी जाते आणि पिक्चर संपतो. सासू नाही, दार नाही, भाकरतुकडा नाही. मी परत मागं घेऊन पाहिलं, वाटलं, मधे काही राहिलं असेल. तीनदा पाहिलं.

रविवारी गाडी धरून गावाला गेले, काकूला भेटायला. ती आता ओसरीवरच्या खाटेवर असते, पण ध्यान सगळं जागेवर आहे. मी विचारलं, आईनं शेवट का बदलला? ती म्हणाली, "अगं येडे, आमी शेवट बगितला कवा? गाडी तीनची. खेळ सुटायचा सव्वातीनला. पावनेतीनला उठावंच लागायचं. त्यानंतरची गाडी सातची, तुज्या बापानं तंगड्या तोडल्या असत्या." मी म्हटलं, "एकाही पिक्चरचा?" "येकाबी न्हाई." मग म्हणाली, "त्या टेसनाच्या पिक्चरला तुजी आय हालंना. पायरीव हुबी राहिली, चपला हातात. म्हनली, जाती का ऱ्हाती एवढंच बगू दे. मागची मानसं वरडाय लागली. म्याच हाताला धरून वढली तिला. गाडी गेली असती ना."

येताना गाडीत मी तुला त्या पायरीवर बघत होते. हातात चपला, तोंड पडद्याकडं. तुला ती बाई जावी असं वाटत होतं की राहावी असं, ते मला कधीच कळणार नाही. तुझी दया आली. पण आई, दया आली म्हणून राग गेला नाही. बायकांना बांधावर रडवायला तू काश्मीरात भाकर थापलीस, ते मला कबूल आहे. पण मी बांधावरची बाई नव्हते. मी चुलीपाशी बसून तुला राहू का म्हणून विचारत होते. शेवट ठाऊक नव्हता तर 'मला शेवट ठाऊक न्हाई' एवढं म्हणायचं होतंस. नाहीतर सरळ म्हणायचं, तुझा बाप ठेवून घेणार नाही, माझी छाती होत नाही. ते मी सोसलं असतं. तू मला न पाहिलेल्या पिक्चरच्या भरवशावर पाठवलंस.

आणि तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तुझी बाजू घेत आले की आईला वाटलं असेल, तिकडं खरंच कुणी दारात उभं राहील. नाही वाटलं तुला. वाटलं असतं तर फाट्यावर तो तुकडा तू काढला नसतास. तिकडं कुणी ओवाळणार नाही, म्हणून तू आधीच उरकून घेतलंस.

आता लेकीचं. ती दिवाळीत आली होती ती ओवाळायला भाऊ नसताना, मोठी बॅग घेऊन. तिचा नवरा मारत नाही. फोन तपासतो, आणि कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जातो. "आई, मी परत नाही जाणार," म्हणाली. मी कणीक मळत होते. मी काय म्हणाले असेन? "मारत तर नाही ना." मी, जिचा एक कान गेलाय आणि जी स्वतः पिशवी घेऊन निघून आली, ती मी. मला वाटलं, माझं मोडलं ते मोडलं, हिचं तरी टिकावं. आणि मग तुझा स्टेशनचा पिक्चर सांगितला. भाकरतुकड्यासकट. ती खाली मान घालून ऐकत होती. आठ दिवस राहिली आणि गेली.

तिच्या मोबाईलवर त्या एका ओळीपुढं मी वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या असतील. म्हणजे तिलाही कळलंय की ओळ माझ्यापर्यंत पोचली, आणि शेवट बघितल्याशिवाय मी राहणार नाही हे तिला ठाऊकच आहे. लिहायचं एवढंच आहे, 'मला शेवट ठाऊक नव्हता, तू ये.' तुला वर जे मोठ्या तोंडानं सुनावलं तेच. आठ दिवस मी ते लिहिते आणि पुसते. हे पत्र तर कुठं टाकायचंच नाही, साखरेच्या डब्याखाली घडी करून ठेवीन.

आणि एक राहिलं. दिवाळीनंतर लेकीला पुण्याच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले तेव्हा माझ्या पिशवीत भाकर नव्हती, कँटीनची पोळी होती. तिचाच तुकडा मोडला आणि तिच्यावरून ओवाळून टाकला. ती म्हणाली, "आई, हे येताना करतात ना?"

मी म्हटलं, "असू दे."