दहापैकी दहा

मृणाली,

मोठ्या भावाने आधी आशीर्वाद लिहायचा असतो, तो लिहिला असं समज.

गणपतीत आलीस तेव्हा तू सगळ्यांना तुझं काम सांगत बसलीस. आवाजाच्या पुढे पळणारं, शेपटी नसलेलं विमान, अजून सिम्युलेटरमध्येच असलेलं. शेपटी नाही म्हणून त्याचं नाक भरकटतं, आणि सावरताना हाताला किती झुंजावं लागलं त्याचा आकडा तू देतेस. मग मला विचारलंस, "दादा, तुझ्या होडीला दहापैकी किती?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "दहा."

तू हसलीस. "अरे, आमच्यात एक म्हणजे उत्तम. दहा म्हणजे हाताबाहेर गेलं." आईसुद्धा हसली.

काल रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, भर ओहोटीत, होडीचं सुकाणू तुटलं. मागे वल्हं धरून मी एकट्याने ती बंदराला लावली. तळहात सोलून निघाले. आई धक्क्यावर मासळी निवडत होती. माझे हात बघून बायकांना म्हणाली, "आमच्या मृणालीच्या इमानाला बी मागं काय न्हाय, तरी चालवते पोर."

माझ्या सोललेल्या हातांतही तिला तूच दिसलीस.

तुला वल्हं धरायला मी शिकवलं, हे तिथे ओठांवर आलं होतं. मी होडी बांधायला वळलो. तू तुझ्या साहेबांना तरी कधी सांगितलंस का?

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. सुकाणू गेल्यावरही होडी हाताचं ऐकत होती, तिला सात. तुझं नाव निघालं की माझ्या मनात जो हेवा उठतो, त्याला दहा.

तुमच्यातले दहा.

तुझा दादा,
अल्पेश