बसवलेला पत्ता

१ मार्च ९६
रंग वाळेपर्यंत गणपतीच्या कारखान्यात काम नाही. पेणहून एस.टी.ने गडब, कासिमच्या दुकानात. शाळेपासूनचा दोस्त, सहा वर्षांनी आखातातून आलाय. वाटलं, सेंटची बाटली देईल. यानं पत्ते काढले! राजा-राणी नाही. राक्षस, पंखवाले घोडे, जंगलं. तिकडे खोलीतल्या फिलिपिनो सोबत्यानं खेळ शिकवला म्हणे. अर्धा गठ्ठा मला दिला. मी चित्रंच बघत बसलो. डोळे काय काढलेत! हेवा वाटला.

८ मार्च
शुक्रवार. नमाजनंतर कासिम दुकान उशिरा उघडतो, तेवढ्यात मागच्या खोलीत डाव. खोक्यावर फळी, फळीवर पत्ते. मंत्राचा पत्ता टाकला, काम झालं, पत्ता बाद. हे कळलं. मग का.नं एक निळा पत्ता मधोमध ठेवून हात काढून घेतला.
"ह्यो मोहिनीचा. आता हितंच ऱ्हानार."
करतो काय?
"काय नाय. नुसता हाय. पन हाय तोवर पंखवाल्यांना उडता येनार नाय. तुझ्या नाय नि माझ्या बी नाय."
माझे सगळे घोडे जमिनीवर. पत्ता नुसता पडून, आणि आमची प्रत्येक खेळी त्याला विचारून. अंगावर काटा आला, खरंच. परत येताना एस.टी.त तेच डोक्यात.

२२ मार्च
मोहिनीची दुसरी जात. ही एकाच प्राण्याच्या अंगावर ठेवायची. का.नं माझ्या हत्तीवर झोप घातली. म्हणजे हत्ती माझा, झोप त्याची. हत्ती मेला तर झोपही त्याच्याबरोबर बाद. नाहीतर मोहिनी मोडणारा पत्ता हवा, आणि माझ्याकडे तो एकच, गठ्ठ्यात कुठेतरी तळाला.
डाव संपल्यावर का. सगळं गोळा करायला लागला तर माझ्या तोंडून गेलं, "अरे, बसवलाय ना तो! उत्तरपूजेशिवाय कसा हलवतोस?"
गणपती करणाऱ्याची खोड. कारखान्यात मूर्ती काखेत मारून नेतो, पण घरी एकदा प्रतिष्ठा झाली की अक्षता वाहिल्याशिवाय जागची हलवत नाही. वाटलं का. हसेल. नाही हसला. पोत्यातले चिमूटभर तांदूळ माझ्या हातावर ठेवले. "कर मग."
वाहिले. पत्ता जरासा सरकवला, मग उचलला.

१२ एप्रिल
आता प्रत्येक डावाला तसंच. का.ची बायको, हमीदाभाभी, वैतागते. "दोघं येडे झालेत, दत्ताभाऊ. नि तांदूल तरी जाडा घ्या, कोलम कशाला?"
या आठवड्यात मोठ्या मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे, मालकांनी मला दिली. बुबुळ भरून खाली उतरलो, ब्रश धुतला, मागे वळलो तर ती बघतेय. मी काहीच करत नव्हतो, तरी तिचं बघणं चालूच. का.ला सांगितलं. म्हणाला, "मंग तू बी मोहिनीच टाकतोस की."
दिवसभर खुशीत.

३१ मे
का.चा व्हिसा आला. उद्या निघतोय.
"दोनच वर्षं रे."
मागच्या वेळीही दोनच म्हणाला होता. इथे दुकान बरं चाललंय, मग कशाला जातो? विचारलं नाही. रागच आला होता. डाव अर्धा, हत्ती परत झोपलेला, माझी पाळी. पत्ता ओढला.
मोडणारा!
तेवढ्यात त्याचा मेहुणा रिक्षा घेऊन दारात. मी तांदूळ घेतले तर का.नं मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे. उत्तरपूजा मी आल्यावर."
हातातला पत्ता त्याला दाखवला नाही. डोळे भरून आले, तेही नाही.

२६ जुलै
गडबला रस्त्यावरचं पाणी दुकानात शिरलं. चिखल तुडवत गेलो. साखर गेली, बिस्किटं गेली. आणि फळी माळ्यावर, वर प्लास्टिक, हत्ती जसाच्या तसा, अंगावर झोप. भाभीनं शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून चढवली.
"पत्ते नाय हलवले," भाभी म्हणाली. "फली हलवली."
भिजलेली पोती बाहेर ओढायला लागलो.

२७ सप्टेंबर
गणपती गेले. कारखाना मोकळा. मूर्ती ठेवायच्या फळ्या नुसत्याच.
गडबला गेलो. समोरच्या बूथवर का.चा फोन आला. आधी भाभी बोलली, मग मला दिला. कंपनी आणखी दोन वर्षांसाठी विचारतेय म्हणे. ठरवलं नाहीये.
"हत्ती?"
झोपलाय, म्हटलं.
"तू अजून खेललाच नाय?"
पत्ता येत नाही रे, म्हटलं.
खरखर वाढली.
"नको येऊ दे," म्हणाला, आणि फोन कटला.
फळी आता परत खोक्यावर. भाभीनं वरचं फडकं काढून दिलं आणि चहा ठेवायला गेली. मोडणारा पत्ता शर्टाच्या खिशात. टाकला की हत्ती उठेल, डाव माझा, पत्ते गोळा.
चहा घेतला. हत्तीवर फडकं घातलं. पुढच्या शुक्रवारी परत जाईन. पाळी अजून माझीच आहे.