माझ्या नावचा काढा

तीर्थरूप सोक-जून दादांच्या चरणी,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे प्यो मान-गिलचा, गुडघे टेकून नमस्कार. (डावा पुरता टेकत नाही, पण मनातून टेकला आहे.) आपली प्रकृती कशी आहे? वहिनींची झोप सुधारली का? दवाखान्यासमोरचा रस्ता खणून ठेवला होता तो बुजवला, की अजून पेशंट फळीवरूनच येतात? तुमची बहीण इन-सुक ठणठणीत आहे, इतकी की गेले बारा दिवस माझ्याशी एक अक्षर न बोलता तिने घर सुरळीत चालवून दाखवलं आहे. मिलही चालू आहे. तांदूळ भिजतो, दळला जातो, वाफेवर चढतो, तॉकच्या गरम वड्या होतात, लोक घेऊन जातात. मी मात्र ठीक नाही. हे हाताने लिहितो आहे कारण फोनवर तुम्ही मध्येच "असू दे रे" म्हणता आणि माझं बोलणं तिथेच मरतं.

आमच्या जिल्ह्याच्या महिला कुस्ती संघाच्या स्वयंसेवकांचा मी अकरा वर्षं प्रमुख आहे, हे तुम्हाला मी दर नव्या वर्षाच्या जेवणाला ऐकवतो, तेव्हा पुन्हा सांगत नाही. (होतो, असं लिहायला हवं. सवय जात नाही.) आखाड्यातली रेती चाळणं, मुलींचे मांडीचे पट्टे धुऊन वाळवणं, पाहुण्या संघाच्या गाड्या लावून देणं, सगळं आम्ही पिवळी जाकिटं घालून केलं आणि एकही दिवस चुकवला नाही. पोती वाहून मिल उभी केलेल्या माणसाला "अध्यक्षसाहेब" अशी हाक आली की काय होतं ते तुम्हाला, जन्मल्यापासून वैद्याच्या घरातल्याला, कसं कळणार? एप्रिलमध्ये राजधानीहून उत्तेजकविरोधी खात्याचे एक तरुण अधिकारी व्याख्यानाला आले. सभागृह भरलं पाहिजे म्हणून मी घरोघर फोन केले, शिवाय तीन पेट्या तॉक नेले. आता तॉक गरम आहेत तोवरच वाटायला हवेत, यात काही चुकलं का? अधिकारी पडद्यावर काढ्यांबद्दल काही दाखवत होते म्हणे. त्या वेळी मी मागच्या रांगेत वाकून, वडीत लाल चवळी हवी की तीळ, हे विचारत होतो. शेवटी सगळ्यांनी सचोटीच्या शपथपत्रावर सह्या केल्या. पहिली सही माझी. "स्वच्छ अंग, स्वच्छ रेती" या फलकाखाली फोटोही निघाला, त्यात सर्वांत मोठं तोंड माझं.

आता हेरिनबद्दल. यॉम हेरिन, चोवीस वर्षांची, खाली बंदरावर मासळी वाळवणाऱ्या घरातली. साठ किलोच्या गटात लढते. लढते तेव्हा समोरचीला उचलते आणि मग जणू दुखू नये म्हणून हळूच ठेवते. मे महिन्याच्या स्पर्धेआधी वजन उतरवायला तिने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. सकाळी आली ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. माझ्या गाडीत तुम्ही मार्चमध्ये माझ्या खोकल्यासाठी उकळून, छोट्या बंद पिशव्यांत भरून पाठवलेल्या काढ्याचं खोकं होतं. अकरा पिशव्यांतच खोकला पळाला होता, एकोणीस उरल्या होत्या, आणि त्या अकरांनी मला असा दम आणला होता की मी तीन मजले न थांबता चढत होतो. म्हाताऱ्याला जे चढवतं ते तरुणाला उडवेल, असा मी हिशेब केला. (माझं सगळं वैद्यकशास्त्र एवढंच, आणि ते मी तुमच्या माजघरात बसून शिकलो.) तॉक गरम ठेवायच्या वाफेच्या पेटीत दोन पिशव्या कोमट केल्या, कोपरा कापला, तिला दिल्या. ती घेईना. मी आग्रह केला, चार शब्द बोललो, तिने घेतल्या.

दादा, काय लढली पोर! तिसरी कुस्ती तर मी डोळे पुसेपर्यंत संपली. मी बुटांसकट रेतीत उतरून नाचलो. प्रशिक्षक बांगबाईंनी जाकिटाला धरून मला बाहेर काढलं. "अध्यक्षसाहेब, कुस्ती तिनं मारली आहे, तुम्ही नाही!" तेव्हा मला ते खोटं वाटलं. मनातून मला वाटत होतं की अर्धी मी मारली.

तीन आठवड्यांनी उत्तेजकविरोधी खात्याचं पत्र आलं. तिच्या लघवीच्या नमुन्यात माह्वांगमधलं, म्हणजे खोकल्याच्या काढ्यात घालतात त्या वनस्पतीतलं, द्रव्य सापडलं, स्पर्धेच्या दिवशी चालतं त्याच्या कितीतरी वर. बांगबाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, कुणी काय दिलं? मला आधी वाटलं तॉकबद्दल विचारतात. मग त्या दोन पिशव्या आठवल्या, आणि मी हात वर केला. सध्या ती आखाड्याबाहेर आहे. ते द्रव्य कुठून आलं हे सिद्ध झालं, तर काही महिन्यांवर किंवा नुसत्या ताकिदीवर सुटेल. नाही झालं, तर वर्षं जातील, आणि कुस्तीतली वर्षं परत येत नाहीत. पंचवीस तारखेला सुनावणी आहे.

मी जाकीट धुऊन, इस्त्री करून बांगबाईंकडे दिलं. वाटलं होतं, एखादी तरी "राहू द्या हो" म्हणेल. बांगबाईंनी घेतलं आणि खुंटीला लावलं. स्वयंसेवक बाया दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला येऊन रेती चाळून गेल्या. मी नसताना जरा लवकर आटपलं, असं ऐकतो. मिलमध्ये बायका दळण लावून मोठ्याने बोलतात, त्यांना वाटतं यंत्राच्या आवाजात मला ऐकू येत नाही. एकतीस वर्षं त्या यंत्राखाली काढलेल्या माणसाला यंत्र सोडून सगळं ऐकू येतं. काल एक म्हणाली, "याच्या हातचं पाणीसुद्धा आता तपासून प्यायचं गं." दुसरी म्हणाली, "तॉक मात्र चांगले करतो मेला." आणि दोघी हसल्या. त्यातल्या दुसरीला ती जाताना मी दोन वड्या जास्त घातल्या, म्हणजे बघा माझी काय अवस्था आहे.

चूक माझी आहे. तुमचं औषध उत्तम होतं, ते माझ्यासाठी होतं आणि माझ्यावर लागू पडलं. आपण प्रकृतीला जपावं, वहिनींना नमस्कार सांगावा, आणि या मूर्खाला जमल्यास क्षमा करावी.

आपला,
प्यो मान-गिल

ता. क. – त्या काढ्यात काय काय होतं, त्याची तुमच्या दप्तरातली नक्कल तुमच्या शिक्क्यासह हवी आहे. त्यावर माझं नाव आणि मार्चची तारीख असेलच. ती जशी आहे तशीच द्यावी. माह्वांग वगळू नये.

ता. क. दुसरा – वर "चार शब्द बोललो" असं लिहून मी पुढे सरकलो, ते तुमच्या लक्षात आलं असेल. हेरिनने मला विचारलं होतं, "अध्यक्षसाहेब, वैद्यांना विचारलंत का, यात बंदी असलेलं काही नाही ना?" मी म्हणालो, "विचारलं तर! त्यांनी खास तुझ्यासाठीच पाठवलंय." मग चौकशीच्या पहिल्या जबाबातही मी तेच लिहिलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून तिच्या जबाबात तेच लिहिलं. येत्या गुरुवारी चौकशीवाल्यांचा माणूस तुमच्याकडे येईल. दादा, मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही मला सांभाळून घ्यायला "हो, मीच पाठवलं" म्हणाल. कृपा करून म्हणू नका. कागदावर माझं नाव आहे, तिच्या जबाबात तुमचं. दोन्हींचा मेळ बसला नाही की खोटी ती पोर ठरेल. मान-गिल खोटं बोलला, असं स्पष्ट सांगा. माझा नवा जबाब मी आज टपालात टाकला आहे.

ता. क. तिसरा – टपाल कचेरीतून परत येताना बंदरावर जाऊन हेरिनलाही हे सांगितलं. ती मासळी उलटवत होती. म्हणाली, "शंका आली होती मला. तुम्ही उत्तर फार पटकन दिलंत." मी म्हटलं, मग प्यालीस कशाला गं? म्हणाली, "तुम्ही काढा दोन्ही हातांनी पुढे धरला होता. घेतला नसता तर तुम्ही तसेच उभे राहिला असतात." हे सुनावणीत सांगू नकोस, तुझ्याच अंगाशी येईल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोललो. अकरा वर्षांत एवढंच एक काम मी नीट केलं असावं.