जिवंत माणसाचा मृत्युलेख

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही असशीलच. फोन लावला की तुझी सेक्रेटरी गोड आवाजात "सर लिहितायत" म्हणते, म्हणून आता मीही लिहायला बसले.

नव्या कादंबरीची सातवी आवृत्ती निघाली म्हणे. अभिनंदन. शेजारच्या काकू रांगेत उभं राहून तुझी सही घेऊन आल्या आणि मुद्दाम मला दाखवून गेल्या.

आता रविवारच्या सदराबद्दल. तू पुढचे लेख आधीच लिहून संपादकांकडे देऊन ठेवतोस, हे मला ठाऊक आहे. दौऱ्यावर असलास तरी सदर चुकत नाही, याचं तुला कोण कौतुक! पण बाबांना दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात तू त्यांच्यावरचा मृत्युलेखही देऊन मोकळा झालास? संपादकांच्या हाताला नेमका तोच लागला आणि रविवारी छापून आला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार ओळींची दिलगिरी आली. ती कोण वाचतं?

बाबा घरी आलेत. रविवारी सकाळी दाढी करून बसले होते. बेल वाजली, त्यांनीच दार उघडलं. दारात त्यांचे ऑफिसातले जुने मित्र, फुलं घेऊन. बिचारे फुलं पाठीमागे लपवायला लागले. बाबा म्हणाले, "आणलीत तर द्या इकडे, सत्कार समजू." सगळे हसले. मीही हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तुला लाखोली वाहिली.

मग त्यांनी लेख मागवून घेतला. दोनदा वाचला. "चांगलं लिहिलंय," एवढंच म्हणाले.

पुढचं लिहायचं टाळत होते, पण टाळून भागणार नाही. गुरुवारी त्यांचं ऑपरेशन ठरलंय. केलं तर चार-पाच वर्षं सहज निघतील, असं डॉक्टर म्हणतात. बाबा तयार होते. रविवारपासून नाही म्हणतात. मी हातापाया पडले, भांडले, जेवले नाही. तर शांतपणे म्हणाले, "अगं, त्याने सगळं इतकं नीट आवरलंय. कशाला उगाच लांबवायचं?"

इतका संताप आला, तुझी सगळी पुस्तकं रद्दीत घालणार होते. त्यांनी घालू दिली नाहीत.

तू लिहिलंयस, शेवटच्या रात्री तू उशाशी होतास, त्यांचा हात तुझ्या हातात होता. वाचकांनी डोळे पुसले असतील. अरे, महिन्याभरात तू एकदा तरी फिरकलास का? बाबांनी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारलीय. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एवढं तरी खरं असायला हवं होतं."

मला माफी नको, आणि यावर नवा लेख तर मुळीच नको. बुधवारपर्यंत ये. त्यांच्याजवळ बस आणि ऑपरेशन करून घ्या म्हण. सगळं करते मी आणि ऐकतात तुझं, याचाही राग आहे मला. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. त्यांच्याशी बोल.

बाबा आहेत तोवर तुझी बहीण,
धाकटी